ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव

'कॅनडी-आय-ओ' मी पहिल्यांदा ऐकलं ते बॉब डिलनच्या आवाजात. कॉलेजला जाताना, बसच्या मागच्या सीटवर, कानात इअरफोन. गाण्यात एक मुलगी खलाशाचे कपडे घालून प्रियकरामागे जहाजावर चढते. तिचं बिंग फुटतं, तिला समुद्रात फेकायची भाषा सुरू होते, कप्तान तिला वाचवतो आणि शेवटी ती त्या कप्तानाशीच लग्न करते. एक गिटार आणि एक खरखरीत आवाज, एवढाच ऐवज. मी ते महिनाभर ऐकत होतो.

काही महिन्यांनी निक जोन्स नावाच्या इंग्रज गायकाचं तेच गाणं समोर आलं. चाल तीच, शब्दही जवळपास तेच. मी मित्राला म्हणालो, ''बघ, याने डिलनचं उचललंय.'' मग वर्षं पाहिली. जोन्सचा 'पेंग्विन एग्ज' हा अल्बम १९८० चा आणि डिलनचा 'गुड अ‍ॅज आय बीन टू यू' १९९२ चा. चोर म्हणून मी भलत्याच माणसाचं नाव घेतलं होतं.

डिलनने हा अल्बम का केला, ते आधी सांगतो. १९९० मध्ये त्याचा 'अंडर द रेड स्काय' आला आणि बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम यायला थेट १९९७ साल उजाडलं. म्हणजे 'ब्लोइंग इन द विंड' लिहिणारा माणूस सात वर्षं नव्या गाण्यांच्या बाबतीत जवळपास गप्प होता. १९९२ मध्ये त्याने आधी शिकागोत बँड घेऊन जुनी गाणी रेकॉर्ड केली आणि ती बाजूला ठेवून दिली. मग कॅलिफोर्नियात मालिबूच्या घरी, गॅरेजमधल्या स्टुडिओत, एकटाच बसला. गिटार, हार्मोनिका आणि लोकांची तेरा गाणी. वीस वर्षांचा असताना तो जे करायचा तेच त्याने पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा केलं.

१९६२ च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्येही तेराच गाणी होती आणि त्यातली फक्त दोन त्याची स्वतःची. बाकी सगळी कव्हर्स. त्यातल्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन'चा किस्सा भारी आहे. न्यू यॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये डेव्ह व्हॅन राँक हा डिलनचा सीनियर. त्या गाण्याची खालच्या सुरांत उतरत जाणारी गिटार त्याने बसवली होती. एक दिवस डिलन त्याच्याकडे आला आणि विचारलं, तुझ्या पद्धतीने ते गाणं रेकॉर्ड केलं तर चालेल का? व्हॅन राँक म्हणाला, थोड्याच दिवसांत मीच करणार आहे. डिलनचा चेहरा पडला. रेकॉर्डिंग आधीच उरकलं होतं!

पुढची गंमत व्हॅन राँकने स्वतःच सांगितली आहे. तो ते गाणं गायला लागला की लोक म्हणायचे, हे तर डिलनचं. शेवटी त्याने गाणं सोडून दिलं. मग १९६४ मध्ये 'द अ‍ॅनिमल्स' या ब्रिटिश बँडने तेच गाणं जगभर गाजवलं. आता लोक डिलनला म्हणायला लागले, हे तर अ‍ॅनिमल्सचं. मग त्यानेही ते गाणं सोडलं. हे वाचलं तेव्हा मला आमची बस आणि माझा तो मित्र आठवला. मीही तेच बोललो होतो.

१९९२ च्या अल्बमवर मात्र नुसत्या गमतीवर भागलं नाही. 'पारंपरिक, संयोजन बॉब डिलन' अशा धर्तीचं श्रेय छापलं होतं. 'आर्थर मॅकब्राइड' आयर्लंडच्या पॉल ब्रेडीने गायलेल्या रूपाच्या किती जवळ आहे, हे जाणकारांना लगेच कळलं. 'जिम जोन्स'ची चाल ऑस्ट्रेलियाच्या मिक स्लोकमची निघाली आणि त्यावरून वाद झाला. आणि 'कॅनडी-आय-ओ'.

गाणं पारंपरिक म्हणजे ते कुणाचंच नाही, हा आपला एक सोयीचा समज. शब्द दोनशे वर्षांचे असतील. पण विसरलेलं गाणं कुणीतरी शोधून काढतं, चार कडवी गाळतं, चाल घासूनपुसून घेतं. निक जोन्सने हेच काम केलं होतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये, 'पेंग्विन एग्ज'नंतर दोनच वर्षांनी, कार्यक्रम संपवून रात्री घरी परतताना त्याची गाडी विटांच्या कारखान्याच्या ट्रकवर आदळली. अनेक हाडं मोडली, मेंदूला मार लागला. तो वाचला, पण पहिल्यासारखी गिटार त्याला पुन्हा वाजवता आली नाही. डिलनचा अल्बम आला तेव्हा जोन्स दहा वर्षं स्टेजपासून लांब होता. त्या वेळी अल्बमवर त्याचं नाव छापायला किती शाई लागली असती?

आपल्याकडे अभंगाने ही सोय गाण्यातच करून ठेवली आहे. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' आलं की गाणारा कुणीही असो, नाव गळत नाही. जात्यावरच्या ओव्यांना ती सोय नव्हती. म्हणून हेमा राइरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. त्या बायकांनीही ओव्या आई-आजीकडूनच उचललेल्या. तरी नाव लिहिलं.

आता डिलनची दुसरी बाजू. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये 'वर्ल्ड गॉन राँग' आला. पुन्हा तोच एकटा माणूस, तीच गिटार, दहा जुनी गाणी. फरक सोबतच्या मजकुरात. डिलनने स्वतः लांबलचक, जरा तिरपागडं टिपण लिहिलं आणि त्यात गाणी कुणाकडून आली ते सांगत गेला: मिसिसिपी शीक्स, ब्लाइंड विली मॅकटेल, फ्रँक हचिसन, डॉक वॉटसन. आधीच्या टीकेमुळे हे झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही. ते त्याच्या मनातलं. पण दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले तर दुसरा मला जास्त मोकळा वाटतो. त्याला पारंपरिक लोकसंगीताच्या अल्बमचं ग्रॅमीही मिळालं.

निक जोन्स २०१० नंतर पुन्हा स्टेजवर आला. खुर्चीवर बसून गायला. गिटार त्याच्या मुलाच्या हातात होती.