जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का?

दादाचा नाहीतर ताईचा जुना लॅपटॉप आपल्याकडे येतो, क्रोम उघडेपर्यंत चहा होतो, आणि मग डोक्यात येतंच: यातला आय३ काढून आय७ टाकला तर? बहुतेक लॅपटॉपसाठी याचं उत्तर 'नाही' असं आहे. पण काही वर्षांतल्या मॉडेल्ससाठी ते 'हो' आहे, त्यामुळे आधी तपासा, मगच पैसे काढा.

सोल्डर की सॉकेट?

तुमच्या फोनमधला स्नॅपड्रॅगन बोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो. आजच्या लॅपटॉपमध्येही तेच होतं. चिपच्या खाली सोल्डरचे बारीक गोळे असतात, ते वितळवून चिप मदरबोर्डला चिकटवतात. या प्रकाराला बीजीए म्हणतात आणि तो घरी बदलण्याचा विषयच नाही. दुसरा प्रकार पीजीए. यात प्रोसेसरला खाली पिना असतात आणि तो सॉकेटमध्ये बसतो. हाच आपल्या कामाचा.

इंटेलची दुसरी (२०११), तिसरी (२०१२) आणि चौथी (२०१३) जनरेशन असलेल्या बऱ्याच जाडसर लॅपटॉपमध्ये सॉकेट मिळतं. पाचव्या जनरेशनपासून लॅपटॉपचे प्रोसेसर फक्त सोल्डरवाले येतात. डेस्कटॉपचा प्रोसेसर बसवलेले काही गेमिंग लॅपटॉप तेवढे अपवाद.

मॉडेल नंबरच्या शेवटची अक्षरं बघा. यू, वाय किंवा एचक्यू असेल तर विषय संपला. एम, क्यूएम किंवा एमक्यू असेल तर आशा आहे, पण खात्री नाही. खात्रीसाठी सीपीयू-झेड हे फुकटचं ॲप टाका आणि त्यात 'पॅकेज'समोर काय लिहिलंय ते वाचा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'सॉकेट्स: १' असं दिसतं, त्यावर जाऊ नका. तो फक्त प्रोसेसर किती आहेत त्याचा आकडा आहे, सोल्डर केलेल्या लॅपटॉपमध्येही तो एकच दिसतो.

इथे मी स्वतः फसलोय. आय७-३६३२क्यूएम हा प्रोसेसर पीजीए आणि बीजीए अशा दोन्ही रूपांत निघाला होता. मी ऑनलाइन नुसतं नाव बघून सेकंडहँड मागवला. पाकीट उघडलं तर खाली एकही पिन नाही, नुसते गोळे! विक्रेता म्हणाला, "नाव तर तेच आहे ना?" पैसे गेलेच. तेव्हा चिपच्या खालच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बसतो म्हणजे चालतो असं नाही

तिसऱ्या आणि चौथ्या जनरेशनची सॉकेट्स वेगळी आहेत, एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात जात नाही. दुसरी आणि तिसरी एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण तुमच्या लॅपटॉपचा बायोस नवा प्रोसेसर ओळखत नसेल तर स्क्रीन काळीच राहते. त्यात एचएम७० चिपसेट असेल तर अजून गंमत: तो फक्त सेलेरॉन आणि पेंटियमसाठी बनवलेला आहे. आय३, आय५, आय७ टाकला तर लॅपटॉप छान चालू होतो आणि साधारण अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. लोक रॅम बदलत बसतात, दोष चिपसेटचा असतो.

वॅटही जुळवा. थिंकपॅड टी४४०पी मध्ये दोन कोअरचा आय५-४३००एम काढून चार कोअरचा आय७-४७०२एमक्यू टाकता येतो. दोन्ही ३७ वॅटचे, त्यामुळे कूलिंगवर वेगळा ताण येत नाही. ४५-४७ वॅटचा टाकलात तर पंखा बोंबलणार, आणि गरम झाल्यावर स्पीड खाली येणार.

प्रत्यक्ष बदलताना चार्जर आणि बॅटरी काढा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे छापलेले असतात, त्यांच्या उलट क्रमाने ते सैल करा. सॉकेटचा स्क्रू चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा फिरवला की प्रोसेसर सरळ वर उचलता येतो. नवा ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा आणि दाबू नका. पीजीए चिप आपल्या वजनानेच आत बसते. पिन वाकली तर सरळ करताना तुटायचीच भीती जास्त. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा.

पण थांबा, गरज आहे का?

लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल तर आधी २.५ इंची साटा एसएसडी टाका, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. क्रोम उघडायला लागणारा वेळ प्रोसेसरपेक्षा यानेच जास्त कमी होतो. प्रोसेसर बदलण्याचा खरा फायदा व्हिडिओ एडिटिंग, कोड कंपाइल करणं किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणं अशा कामांत दिसतो.

आणि विंडोज ११ साठी हा खटाटोप करत असाल तर करू नका. त्याच्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी जनरेशन आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, तुमचा चौथ्या जनरेशनचा आय७ त्यात येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकतो.