शंकरपट : धानाच्या शिवारातील शर्यत आणि बैलाच्या कामाचा प्रश्न

१/ गोंदिया जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली की मोकळ्या शिवारात पटाची तयारी सुरू होते. विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला ‘शंकरपट’ किंवा नुसते ‘पट’ म्हणतात. गावच्या शिवारातील हा खेळ सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत कसा पोहोचला, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ पट म्हणजे शर्यतीसाठी आखलेला लांब, सरळ पट्टा. नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून ‘शंकरपट’, अशी नावाची उकल लोक सांगतात. हलकी गाडी, तिला जुंपलेले दोन बैल आणि हाकणारा ‘धुरकरी’. कोठे दोन जोड्या शेजारी पळवून निकाल ठरतो, तर कोठे घड्याळ लावून, सेकंदाच्या अंशावर.

३/ गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीत पटाचा हंगाम धानाशी बांधलेला आहे. पीक घरात आले की हाती थोडा पैसा येतो, थोडी सवड मिळते. दिवाळीनंतर मंडई आणि पुढे ऐन थंडीत पट. पटासाठी आलेले पाहुणे रात्री मुक्कामी राहत, म्हणून रात्री नाटक. दंडार आणि खडी गंमत यांच्या या प्रदेशात झाडीपट्टी रंगभूमी वाढली, ती मंडई आणि पटाच्या गर्दीवर. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

४/ आता एक दूरचे उदाहरण. अमेरिकेतील ‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात कारखान्यातून निघाली तशीच, रोजच्या वापरातील गाडी. अशा गाड्या मातीच्या लहान अंडाकृती मार्गांवर पळवल्या जात. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली. पुढे गाड्या केवळ शर्यतीसाठी बांधल्या जाऊ लागल्या. नाव तेवढे जुने राहिले.

५/ पटाच्या बैलाचा प्रवासही असाच. पूर्वी जो नांगराला, तोच पटाला. ट्रॅक्टर आला आणि शेतीतील बैलांचे काम घटत गेले. मग खास खुराक देऊन, सराव करवून, केवळ पटासाठी जोडी राखणारे मालक दिसू लागले. बैल कष्टकरी की खेळकरी? कायद्याचा प्रश्न नेमका येथेच उभा राहिला.

६/ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक प्राण्यांच्या खेळांवर व त्यासाठीच्या प्रशिक्षणावर बंदी घालू शकते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या यादीत ११ जुलै २०११ रोजी बैलाची भर पडली.

७/ ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती, दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीत धावण्यासाठी नाही, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता.

८/ २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह मार्ग मोकळा केला, तर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

९/ या दोन निकालांच्या दरम्यान बैलाची शरीररचना बदललेली नव्हती. बदलला होता कायदा. नव्या नियमांमुळे प्राण्यांच्या वेदना पुष्कळ कमी होतात, असे घटनापीठाने मानले. म्हणजे पटाची वैधता आज नियमपालनावर उभी आहे : जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि चाबूक, तुतारी किंवा विजेचा झटका यांना पूर्ण मज्जाव. तुतारी म्हणजे आरी लावलेली काठी. तिचा वापर मालकाच्या प्रतिष्ठेची बाब समजणाऱ्यांना हा बदल जड जाणारच.

१०/ पट टिकला तर बैल टिकेल, असे समर्थक म्हणतात. नांगरापासून तुटलेल्या बैलाला सांभाळायला आज कारणे थोडीच उरली आहेत, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र जो खेळ बैलाच्या नावाने टिकवायचा, त्याचे पहिले माप बैलाच्या अंगावरच घ्यावे लागेल. तुमच्या गावात जुन्या पटांची पत्रके, बक्षिसांच्या याद्या किंवा नाटकांच्या जाहिराती असतील, तर त्या जपून ठेवा. न्यायालयाचे निकाल ग्रंथालयात सापडतील; गावाचा हा इतिहास मात्र अशा कागदांतच आहे.