शेवरले कॉर्व्हेट (पहिली पिढी)

शेवरले कॉर्व्हेटची पहिली पिढी (सी१) ही अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९५३ ते १९६२ या काळात उत्पादित केलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार होय. तिचे बाह्यांग फायबरग्लासचे होते. पहिल्या वर्षी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे केवळ ३०० गाड्या तयार झाल्या. सर्व बाहेरून पांढऱ्या, आतून लाल.

या गाड्यांत ३.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन व दोनच गतींचा 'पॉवरग्लाइड' स्वयंचलित गिअरबॉक्स होता. एवढी शक्ती पेलणारा हस्तचालित गिअरबॉक्स शेवरलेकडे तेव्हा नव्हता. स्वतः गिअर बदलण्यातच मौज मानणाऱ्या चालकांना ही तडजोड रुचली नाही. १९५५ मध्ये जेमतेम ७०० गाड्या तयार झाल्या. मात्र त्याच वर्षी १९५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आले आणि वर्षाच्या उत्तरार्धात तीन गतींचा हस्तचालित गिअरबॉक्सही. १९५७ मध्ये चार गतींचा गिअरबॉक्स व इंधन अंतःक्षेपण असलेले २८३ अश्वशक्तीचे इंजिन उपलब्ध झाले. गाडीला खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार बनवण्याचे श्रेय मुख्यतः अभियंता झोरा आर्कुस-डुंटोव्ह यांना दिले जाते.

सांगाडा मात्र फारसा बदलला नाही. पेटीसारख्या पोकळ पोलादी तुळया, त्यांना जोडणारा एक्स आकाराचा बांध आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.५९ मीटर अंतर ही रचना अखेरपर्यंत टिकली. मागे अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. मागील चाकांना स्वतंत्र निलंबन मिळाले ते १९६३च्या दुसऱ्या पिढीत.