तिखटात शेंदूर

मंडळी, शनिवारी दोन-तीन सुपरमार्केटं पालथी घालून आपण भाव ताडून पाहतो. इथे ब्रिटनमध्ये शेल्फवरच्या चिठ्ठीवर किलोचा दरही बारीक अक्षरांत असतो, त्यामुळे भावाचा हिशेब जमतो. मालाचा कस कसा ताडायचा?

लंडनमध्ये ते काम आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी केलं. १८५१ ते १८५४ या काळात त्यांनी शहरभरच्या दुकानांतून चहा, कॉफी, पाव, मसाले विकत आणवले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि दुकानदारांच्या नावा-पत्त्यांसह निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापले. शुद्ध माल विकणाऱ्यांचेसुद्धा! लाल तिखटात चक्क शेंदूर निघाला, म्हणजे शिशाचं विष. कॉफीतली चिकोरी रसायनशास्त्राला ओळखता येत नाही, असं सरकारतर्फे पार्लमेंटात सांगितलं गेलं होतं (आम्हा केमिस्ट मंडळींची नाचक्कीच!), हॅसलांनी ती सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिली. १८६० साली भेसळीविरुद्ध कायदा आला, पण त्यात परीक्षक नेमणं ऐच्छिक होतं. खरा धाक बसला तो १८७५च्या कायद्यानंतर.

तरीही २००५ साली तिखटातल्या सुदान-१ या रंगापायी शेकडो खाद्यपदार्थ परत मागवावे लागले, महागड्या दुकानांतूनही. ते तिखट घातलेला एक सॉस त्या पदार्थांत वापरलेला होता.