शस्त्र परवाना : हक्क नव्हे, अनुमती

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मात्र नियमांच्या अधीन राहून तो मान्य करण्यात आला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा निजामी राजवटीतून मुक्त झाला. रझाकारांच्या अत्याचारांच्या जखमा ओल्या असतानाच, डिसेंबरमध्ये हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत या हक्काची मागणी केली. तो गुन्हेगारांनाही मिळेल, असा आक्षेप घेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. मागणी फेटाळली गेली. परिणामी १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ग्रामीण भागातील अर्जदारास पोलिसांच्या अहवालानंतर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना घ्यावा लागतो. नकाराविरुद्ध अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणली.