ग्लँडमधून पाणी का ठिबकते?

पंपाच्या ग्लँडमधून थेंब पडला की आपला हात पान्याकडे जातो. जरा थांबा.

न्यूकॉमेनच्या १७१२ च्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर वरून उघडेच असे. जेम्स वॅटने १७६९ साली पेटंट घेतलेल्या इंजिनात ते झाकले. मग दट्ट्याचा दांडा झाकणातून हलायचा कसा, आणि वाफ आत राहायची कशी? त्याने दांड्याभोवती चरबी लावलेला वाख ठासला. हीच आपली ग्लँड-दोरी!

१८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात ॲपोल्डचा सेंट्रिफ्यूगल पंप गाजला. अशा पंपाचा शाफ्ट गरगर फिरतो. दोरी एकाच जागी घासते, तापते. तिला गारवा आणि वंगण मिळते ते झिरपणाऱ्या पाण्यातूनच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घरच्या विहिरीवर ग्लँड पक्की आवळली. तासाभरात जळका वास, उघडून पाहतो तो शाफ्टला खाच! नवा शाफ्ट येईपर्यंत चार दिवस भुईमूग उन्हात तसाच. कृषी पदवीधर ना मी!

विसाव्या शतकात मेकॅनिकल सील आले. कार्बनची गुळगुळीत कडी स्प्रिंगने दुसऱ्या कठीण कडीवर टेकते, मध्ये पाण्याचा केसाहून पातळ पापुद्रा. गळती जवळजवळ नाही, घर्षणही कमी. पण कोरडे चालवले तर तेही लगेच जळते. तेव्हा पंप पाण्याने भरल्याशिवाय बटण दाबू नका. दोरीची ग्लँड असेल तर दोन्ही नट सारखे, थोडेथोडे आवळा आणि मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू द्या. आवळूनही धार थांबेना, तरच दोरी बदला.