उचल, सीमा आणि कायदा

शहादा तालुक्यातले म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. या पट्ट्यातली अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळी आटोपली की ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. पावसाळ्यात घरातले धान्य संपत येते, तेव्हा मुकादम उचल देतो आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. खानदेशातून बारडोली परिसरात नेल्या जाणाऱ्या तोडणी मजुरांविषयी डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७८ मध्येच लिहिले होते. याला स्थलांतर म्हणायचे की माणसांचा व्यापार? हा निव्वळ शब्दांचा वाद नाही, असे मला वाटते. मजुराच्या मदतीला कोणता कायदा येणार, हे त्या उत्तरावर ठरते.

संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकत्रच मनाई केली. पुढच्या कायद्यांनी मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. त्यात १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि खानदेश व सुरत यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. आता उचल एका राज्यात दिली जाते आणि घाम दुसऱ्या राज्यात गाळला जातो.

सत्तरच्या दशकात शहाद्याचा लढा मुख्यतः गावातल्या जमीनमालकांशी होता. अंबरसिंग महाराज आणि १९७२ ची श्रमिक संघटना यांनी सालदारांचे प्रश्न ऐरणीवर आणले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी बांधून ठेवणारी कर्जे रद्द केली आणि अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. पण सालदाराचा मालक गावातच असे. ऊसतोड्याचा मालक सीमेपलीकडे. ही अडचण ओळखून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला. ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च असे त्याने ठरवून दिले.

१९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी त्याहून मोलाची गोष्ट सांगितली. भुकेपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणे हीदेखील सक्तीच होय. साखळदंड दिसलाच पाहिजे, ही अट त्यामुळे गळून पडली.

जगाची वाटचालही त्याच दिशेने होती. संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या पालेर्मो शिष्टाचाराने माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेणे हे व्यापाराचेच एक साधन मानले. भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला. फेब्रुवारी २०१३ च्या फौजदारी अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीची मजुरीही होती. काही आठवड्यांनी संसदेने कायदा केला, तेव्हा ते शब्द वगळले गेले. ‘शारीरिक शोषण’ हा मोघम शब्दप्रयोग तेवढा आला. आज भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमातही तोच आहे.

१९७९ चा कायदा २०२० च्या संहितेत विलीन करताना लागू होण्याची मर्यादा पाच मजुरांवरून दहावर नेली गेली आणि विस्थापन भत्ता गेला. ऊसतोडीत तर मोजणीच कोयत्याची होते. एका कोयत्यात नवरा-बायको आणि पुष्कळदा मूलही असते.

पन्नास वर्षांत कायद्याला भुकेतली सक्ती कळली, पण ती तो अजून उसाच्या फडात शोधतो. माझ्या मते नोंद म्हसावदच्या बाजूने सुरू व्हायला हवी : उचल कोणी दिली, किती दिली, आणि कोयत्यातल्या प्रत्येकाचे नाव काय. मुकादमाची गाडी सीमा ओलांडण्यापूर्वी एवढे कागदावर आले, तर पलीकडच्या अधिकाऱ्याला पुराव्यासाठी अडून बसावे लागणार नाही.